प्रयोगशाळेतलं पाणी कुठं जातं?

परभणी जिल्ह्यात बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकं आणि पाणीटंचाई एकाच वेळी येतात. मार्च सरता सरता बोअरचं पाणी खाली जातं, गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत कशीबशी पुरते आणि नेमकं तेव्हाच सेंद्रिय रसायनशास्त्राच्या टेबलांवर कंडेन्सर लागलेले असतात. कंडेन्सर म्हणजे एका काचेच्या नळीभोवती दुसरी नळी. आतून वाफ जाते, बाहेरून नळाचं गार पाणी फिरतं, वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि फिरून आलेलं पाणी रबरी नळीतून थेट बेसिनमध्ये पडतं. मिनिटाला लिटरभर धार धरली तरी एका कंडेन्सरला तासाला साठ लिटर लागतात. दहा टेबलं आणि दीड तासाचा प्रयोग म्हटला की झाले नऊशे लिटर. या पाण्याला कोणतंही रसायन शिवलेलं नसतं. ते फक्त थोडं कोमट झालेलं असतं.

२०१६ साली एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. लातूर आमच्यापासून फार लांब नाही. गंगाखेडच्या बाजूला, गोदावरीपासून जवळच आमचं कॉलेज आहे. पोखर्णीकडची मुलं परळीच्या गाडीने येतात, सोनपेठकडची एसटीने. त्या वर्षी बहुतेकांच्या घरी टँकरची वेळ सांभाळणं हे रोजचं काम होतं. मुली सकाळी घागरी भरून मगच कॉलेजला निघत. अशा दिवसांत शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला कंडेन्सर लावून बसलेली एक मुलगी बेसिनमधल्या धारेकडे बघत म्हणाली, "मॅडम, हे पाणी कुठं जायलंय?"

मी सांगितलं की मागच्या नालीत जातं. पण नालीच्या पुढचं मलाही नीट ठाऊक नव्हतं. प्रात्यक्षिक संपल्यावर आमच्या प्रयोगशाळेचे मामा आणि मी इमारतीच्या मागे गेलो. बेसिनचा पाइप एका उघड्या नालीत सुटतो, नाली रस्त्याकडेच्या ओढ्याला मिळते आणि ओढा नदीकडे जातो. मामा इथे माझ्या आधीपासून आहेत. ते म्हणाले, "पाण्याचं सोडा मॅडम, त्याच्याबरोबर काय काय जायलंय ते बघा." त्याच बेसिनमधून शिशाचे क्षार जात होते, कॅडमियम जात होतं, सिल्व्हर नायट्रेट, फिनॉल, काचेची भांडी धुवायचं क्रोमिक अॅसिड, सगळंच. मिश्रक्षारांच्या पृथक्करणाला मुलगा चिमूटभर क्षार घ्यायचा आणि परीक्षानळी निम्म्याच्या वर भरायचा. जे उरायचं ते नळ सोडून पुढे ढकलून द्यायचं, हेच सगळ्यांना शिकवलेलं होतं.

हरित रसायनशास्त्राचं प्रकरण आम्ही वर्गात शिकवत होतोच. पॉल अॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली मांडलेली बारा तत्त्वं मुलं पाठ करतात. कचरा झाल्यावर तो साफ करण्यापेक्षा मुळात होऊच देऊ नका, हे त्यातलं पहिलं. बॅरी ट्रॉस्ट यांची १९९१ची अणु-काटकसरीची कल्पनाही त्याच प्रकरणात येते. पाच गुणांचा प्रश्न ठरलेला, उत्तरही ठरलेलं. पर्यावरण अभ्यासाचा वेगळा विषयही आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिला आणि पुढे तो विषय सगळ्या शाखांना सक्तीचा झाला. विषय वेगळा झाल्याने एक तोटा झाला असं मला फार दिवस वाटत आलं आहे. पर्यावरण त्या तासाला शिकायचं, रसायनशास्त्र या तासाला, आणि दोन्हींची गाठ कुठेच पडत नाही. विद्यार्थी विज्ञान हाताने शिकतो. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायची सवय तीन वर्षं हाताला लावायची आणि चौथ्या सत्रात त्याला पहिलं तत्त्व विचारायचं, यातून त्याच्यापाशी काय उरणार? म्हणून सुरुवात प्रकरणापासून न करता नळापासून करायची ठरवली.

नळावरचा उपाय इथल्या घराघरात होता. परभणीचा उन्हाळा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा. इकडे एखाद्या घरात फ्रिज नसेल पण कुलर असतो. कुलरच्या तळाशी पाणी वर चढवणारा जो मुठीएवढा पंप असतो, तो दुकानात सुटा मिळतो. तो टबात ठेवायचा, त्याची नळी कंडेन्सरच्या खालच्या तोंडाला जोडायची आणि वरच्या तोंडाची नळी परत टबात सोडायची. तेच पाणी फिरत राहतं. एका पंपावर दोन-तीन कंडेन्सर एकामागे एक जोडता येतात. अडचण आली ती दुसरीच. अर्ध्या तासात टबातलं पाणी तापायला लागलं. बर्फ आणायचा तर रोज कुठून आणणार? एका मुलाने घरून जुना रांजण आणला. भाजलेल्या मातीच्या रांजणातलं पाणी झिरपतं, बाहेर आलेलं वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असली की हे जास्त जोरात होतं आणि आमच्याकडे मार्च ते मेमध्ये हवेइतकं कोरडं दुसरं काही नसतं. रांजण भिजल्या पोत्यात गुंडाळला आणि सावलीला ठेवला, तेव्हा पाणी प्रयोग संपेपर्यंत गार राहिलं.

या एका रांजणावर मला बाष्पीभवनाची सुप्त उष्णता शिकवता आली आणि कोणता द्रव कशाने थंड होतो हेही. एथेनॉल ७८ अंशांना उकळतं, त्याला तिशीतलं पाणी चालतं. ईथर ३५ अंशांना उकळतं. त्याला आमच्या उन्हाळ्यातलं कोणतंच पाणी चालत नाही, म्हणून ईथरचे प्रयोग आम्ही हिवाळ्यात नेले आणि जिथे जमलं तिथे काढूनच टाकले. जो द्रव १४० अंशांच्या वर उकळतो त्याला पाण्याच्या कंडेन्सरची गरजच नसते. नुसती लांब काचेची नळी, म्हणजे हवेचा कंडेन्सर, पुरतो. हे जुन्या प्रात्यक्षिकांच्या पुस्तकांत लिहिलेलंच आहे. पाणी फुकट वाहत होतं तोवर ते कुणी वाचत नव्हतं. एक नियम मात्र फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा लागला. लाइट गेली आणि पंप थांबला, तर इतर काहीही करण्याआधी बर्नर बंद करायचा. आमच्याकडे लाइट सांगून जात नाही.

डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राचंही तसंच होतं. एक लिटर शुद्ध पाणी मिळवायला ते आठ-दहा लिटर गार पाणी वाहवून देतं. ते पाणी आता टाकीत परत जातं आणि भांड्यांची पहिली धुणी त्याच पाण्याने होतात. शेवटची विसळ तेवढी डिस्टिल्डची.

मग क्षारांच्या पृथक्करणाला हात घातला. शिसं, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक यांचे क्षार यादीतून काढले. हायड्रोजन सल्फाइडच्या वायूसाठी किपचं उपकरण लावायचं बंद केलं. तो वायू एका खोलीत सोडला की सगळ्या मजल्याला कळायचा आणि मामांचं डोकं संध्याकाळपर्यंत दुखायचं. राहिलेले प्रयोग थेंबांवर आणले. त्यासाठी लागणाऱ्या खळग्यांच्या प्लेटा महाग असतात. औषधाच्या गोळ्यांची पारदर्शक प्लास्टिकची रिकामी पाकिटं मात्र गावभर पडलेली असतात. मागचं अॅल्युमिनियम खरवडून काढायचं, कारण ते आम्लाशी झटपट क्रिया करतं, मग पाकीट साबणाने धुवायचं आणि पांढऱ्या कागदावर ठेवायचं. दहा गोळ्यांच्या पाकिटात दहा खळगे. एका खळग्यात फेरिक क्लोराइडचा एक थेंब, त्यावर थायोसायनेटचा एक थेंब, आणि रक्तासारखा लाल रंग. शेजारच्या खळग्यात मोरचुदाच्या फिकट निळ्या थेंबावर अमोनिया, आणि गडद निळाई. पांढरा साका बघायचा असेल तर खालचा कागद काळा घ्यायचा. पूर्वी एका परीक्षानळीत जेवढं जायचं तेवढ्यात आता सगळी तुकडी प्रयोग करते.

यावर सहकाऱ्यांत वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. दोन थेंबांत मुलांना काय दिसणार, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याचा मुद्दा जास्त वजनाचा होता. ही मुलं उद्या वाळूजच्या एखाद्या औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीला उभी राहिली, तर तिथे पन्नास मिलीचं ब्यूरेट असणार. हात तयार नको का? मला तो पटला. म्हणून पहिल्या वर्षी पोटॅशियम परमँगनेटचं एक अनुमापन नेहमीच्या मापाने ठेवलं आहे, तेही नीट सराव होईल इतकं. बाकी सगळी अनुमापनं दहा मिलीच्या ब्यूरेटवर होतात. एक वर्ष बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाकिटं बाजूला सारून परीक्षानळ्या मागितल्या. मुलांनी परीक्षानळ्यांत करून दाखवलं. थेंबांवर शिकलेल्याला परीक्षानळी अवघड जात नाही. उलट थेंबात रंग बदलायच्या आधीचा क्षण ओळखायची सवय लागलेली असते, तिचा ब्यूरेटवर फायदाच होतो.

प्राचार्यांनी याला पाठिंबा दिला तो खर्चाकडे बघून. मला त्यात काही वावगं वाटत नाही. सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीची किंमत बघितली की कुणीही थेंब मोजायला लागेल. आता सिल्व्हर क्लोराइडचा साका तपकिरी बाटलीत साठवतो. वर्षाअखेरीस जस्त आणि सौम्य आम्लाने त्यातून चांदी सुटी करतो, ती नायट्रिक अॅसिडमध्ये विरघळवतो, आणि पुढच्या तुकडीला सिल्व्हर नायट्रेट मिळतं. ही पुनर्प्राप्ती मुलंच करतात आणि ती त्यांच्या जर्नलमध्ये प्रयोग म्हणून जाते.

ब्रोमीनचं प्रकरण सगळ्यात आधी संपवायला हवं होतं, कारण त्यात मुलांच्या जिवाला धोका होता. ब्रोमीन ५९ अंशांना उकळतं. मार्चच्या दुपारी चाळीस अंशांत त्याची बाटली उघडली की तांबडी वाफ आपोआप वर येते, डोळे चुरचुरतात, छाती भरते. अॅसिटॅनिलाइडचं ब्रोमिनेशन आमच्याकडे वर्षानुवर्षं याच बाटलीतून व्हायचं, आणि त्यात अर्धं ब्रोमीन पदार्थात जाऊन उरलेलं अर्धं हायड्रोजन ब्रोमाइड होऊन वाया जायचं. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या हरित रसायनशास्त्र कार्यदलाने पदवीच्या प्रयोगांची एक पुस्तिका काढली आहे. तिच्यात या प्रयोगासाठी पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट वापरलं आहे. ब्रोमीनची बाटली उघडायचीच नाही. पद्धत उत्तम आहे, पण सेरिक अमोनियम नायट्रेट आमच्या बजेटला झेपत नाही. आम्ही ब्रोमाइड आणि ब्रोमेट यांचं मिश्रण आम्लात वापरतो. लागेल तेवढंच ब्रोमीन तिथल्या तिथे तयार होतं आणि तयार होताच वापरलं जातं. तयार झालेले पांढरे स्फटिक १६७ अंशांच्या आसपास वितळले की पदार्थ बरोबर. पोटॅशियम ब्रोमेट निर्धोक नाही, हे मी मुलांना त्याच तासाला सांगते. ते जपून तोलावं लागतं, हातमोजे लागतात. हरित म्हणून कोणत्याही बाटलीवर शिक्का मारता येत नाही. आधीच्यापेक्षा बरं, इतकंच म्हणता येतं, आणि ते का बरं हे आकड्यांत सांगता यायला हवं.

बेंझॉइनसाठी जुन्या पुस्तकांत सोडियम सायनाइड उत्प्रेरक म्हणून दिलेलं असतं. त्या जागी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, चालतं. प्रयोगाला वेळ जास्त लागतो, पण रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी गाळलं की झालं. सायनाइडची बाटली कपाटात नसली की कपाटाच्या किल्लीची काळजीही उरत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो उन्हाचा प्रयोग. मराठवाड्यात ऊन हे आजवर फक्त सोसायचं असतं. बेंझोफिनोन हा पांढरा घन पदार्थ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, अॅसेटिक अॅसिडचा एक थेंब टाकायचा, बोरोसिलच्या चंबूला बूच लावायचं आणि चंबू गच्चीवर ठेवायचा. बर्नर नको, विजेची गरज नाही, कंडेन्सरही लागत नाही. द्रावण पाण्यासारखं नितळ असतं. दोनेक दिवस काहीच दिसत नाही आणि मुलं निराश होतात. मग एखाद्या सकाळी चंबूच्या तळाशी साखरेच्या कणीएवढे स्फटिक दिसतात. पुढे ते भिंतीवरही धरतात, रोज थोडे वाढतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी बेंझोफिनोनचा रेणू उत्तेजित होतो, अल्कोहोलकडून हायड्रोजनचा एक अणू ओढून घेतो, आणि असे दोन अर्धवट रेणू एकमेकांना जोडले की बेंझोपिनाकॉल होतं. ते अल्कोहोलमध्ये फारसं विरघळत नाही, म्हणून आपणहून बाहेर पडतं. गाळा, धुवा, वाळवा. आम्लाचा तो थेंब कशासाठी, हा प्रश्न मी दरवर्षी तोंडी परीक्षेत विचारते. काचेत किंचित अल्कलीपणा असतो आणि तेवढ्यानेही तयार झालेला पदार्थ पुन्हा फुटतो, त्याला आवर घालायला तो थेंब लागतो.

हा प्रयोग सव्वाशे वर्षं जुना आहे. इटलीतल्या बोलोन्यात जाकोमो चामिचान आणि त्यांचे सहकारी पॉल झिल्बर यांनी १९०० साली तो केला. त्यांच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवलेल्या चंबूंच्या रांगांत उभ्या असलेल्या चामिचान यांचा फोटो प्रसिद्ध आहे. १९१२ साली अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सांगितलं होतं की दगडी कोळसा कायम पुरणार नाही, आणि कोरड्या, उन्हाच्या प्रदेशांत धुराच्या चिमण्या नसलेले कारखाने उभे राहतील. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. बोलोन्यात जे ऊन वाट बघून मिळायचं ते आमच्याकडे फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रोज मिळतं, हे मुलांना त्या फोटोखाली उभं राहून कळतं. उन्हाळा हा आपल्या प्रयोगशाळेतला एक अभिकर्मक आहे, असं एका मुलाने जर्नलच्या निष्कर्षात लिहिलं होतं. मी त्याला त्याच्यासाठी जास्तीचा गुण दिला.

अणु-काटकसर शिकवायला मी आयब्युप्रोफेन घेते. सोयाबीनच्या काढणीनंतर अंग दुखतं तेव्हा गावोगाव हीच गोळी घेतली जाते, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत. बूट्स कंपनीच्या जुन्या पद्धतीत सहा पायऱ्या होत्या. सगळ्या अभिकर्मकांचे रेणुभार मिळवले तर ५१४.५ होतात आणि त्यातला गोळीत उतरतो तो २०६. म्हणजे चाळीस टक्के. उरलेले साठ टक्के नको असलेल्या पदार्थांच्या रूपाने बाहेर. बीएचसी कंपनीने हीच गोळी तीन पायऱ्यांत बनवली, त्यात ७७ टक्के वापर होतो आणि सोबत निघणारं अॅसेटिक अॅसिडही वापरलं तर ९९ टक्क्यांपर्यंत जातो. १९९२ साली टेक्सासमध्ये त्या पद्धतीचा कारखाना सुरू झाला आणि १९९७ साली तिला अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. हे गणित मुलांनी स्वतः फळ्यावर मांडलं की मी त्यांना त्यांच्याच अॅसिटॅनिलाइडच्या प्रयोगाचं मांडायला लावते. किती घेतलं, किती मिळालं, उरलेलं कुठं गेलं. जर्नलमध्ये उताऱ्याच्या टक्केवारीखाली आता ‘उरलेलं कुठं गेलं’ हा रकाना असतो आणि तो कोरा असला तर मी सही करत नाही.

कीटकनाशकांचा विषय इथे टाळताच येत नाही. कापूस आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात बहुतेक मुलांनी पाठीवर पंप घेऊन फवारणी केलेली असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा त्या बातम्यांनी आमचा वर्ग गप्प झाला होता. मी मुलांना डबे आणू नका, फक्त लेबलाचा फोटो काढून आणा, असं सांगते. लेबलावर एक चौकोन असतो आणि त्यात रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अति विषारी, पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. किती मिलिग्रॅमला प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात त्यावर हा रंग ठरतो. तोंडावाटे गेलं तर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०००च्या पुढे हिरवा. बऱ्याच मुलांना हिरवा त्रिकोण म्हणजे बिनविषारी असं वाटत असतं, काहींच्या वडिलांना तसं सांगितलेलंही असतं. तो एक तास मी संपूर्ण त्यासाठीच देते. पाच टक्के निंबोळी अर्क आम्ही प्रयोगशाळेत करतो. पाच किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर भिजवायची, फडक्याने गाळायची, थोडा साबण घालून शंभर लिटर करायची. हे प्रमाण घरच्यांना पाठच असतं. अॅझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही म्हणून फवारणी संध्याकाळी करायची, हे रसायनशास्त्राने सांगायचं. त्याच कारणाने ते शेतात साचूनही राहत नाही.

आता राहिली माती, आणि तिथे आमचं काम अजून अडलेलं आहे. २०१५च्या फेब्रुवारीत मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली, तेव्हापासून मुलं घरच्या पत्रिका घेऊन येतात. त्यातला ‘सेंद्रिय कर्ब’ हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. इकडच्या काळ्या जमिनीत तो बऱ्याचदा अर्ध्या टक्क्याच्या आतच असतो. तो आकडा काढायची वॉकली आणि ब्लॅक यांची पद्धत १९३४ची. एक ग्रॅम मातीत दहा मिली पोटॅशियम डायक्रोमेट आणि वीस मिली संहत सल्फ्युरिक अॅसिड घालायचं, अर्धा तास ठेवायचं, पाणी घालून फेरस अमोनियम सल्फेटने अनुमापन करायचं. जांभळा रंग जाऊन झगझगीत हिरवा आला की थांबायचं. मातीच्या आरोग्यासाठी करायच्या या परीक्षेत सहासंयुजी क्रोमियम लागतं, आणि ते कर्करोगकारक आहे. एका वर्गाचे चाळीस नमुने म्हटले तरी वीस ग्रॅमच्या आसपास डायक्रोमेट आणि आठशे मिली संहत आम्ल होतं.

आम्ही ते दहाव्या हिश्शावर आणलं. मातीचा नमुना शंभर मिलिग्रॅमवर आला तर ती माती आधी नेहमीपेक्षा बारीक कुटून बारीक चाळणीने चाळावी लागते, नाहीतर एका काडीने आकडा बदलतो. तरीही आकडे कमी येऊ लागले. कारण मुलांनी शोधलं. या पद्धतीत वेगळी शेगडी नसते. आम्ल पाण्यात मिसळताना जी उष्णता सुटते तिच्यावरच कर्ब जळतो. भांडं मोठं असलं की उष्णता टिकते, छोट्या नळीतून ती लगेच निघून जाते आणि कर्ब अर्धवट राहतो. मग नळ्या तापवलेल्या वाळूत ठेवायला सुरुवात केली आणि दर तुकडीत एक माती जुन्या मापाने व नव्या मापाने, दोन्हींनी तपासून पडताळा घ्यायचं ठरवलं. आता दोन्ही आकडे जवळ येतात.

अनुमापन संपतं तेव्हा सगळं क्रोमियम त्रिसंयुजी झालेलं असतं. ते बरंच कमी घातक, पण नालीत सोडायचं नाही. त्यात चुना घालतो. क्रोमियमबरोबर लोखंडही बसतं आणि आम्लाचं जिप्सम होतं, त्यामुळे हिरवट तपकिरी गाळ बराच जमतो. वरचं पाणी पीएच बघून सोडतो, गाळ वाळवून झाकणाच्या पिंपात ठेवतो. राज्यात घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या जागा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला आहेत, त्या मोठ्या कारखान्यांसाठी. आमच्या बादलीभर गाळाला तिथवर न्यायला गाडी नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या विज्ञान महाविद्यालयांचा आणि माती परीक्षण प्रयोगशाळांचा असा कचरा वर्षातून एकदा एकत्र उचलला गेला तर हे जमेल. त्यासाठी आम्ही शेजारच्या कॉलेजांशी बोलायला सुरुवात केली आहे. दोन ठिकाणी पिंप ठेवायला तयार झालेत.

डायक्रोमेट पूर्ण काढता येईल का, यावर यंदाची तुकडी काम करते आहे. माती १०५ अंशांना वाळवायची, तोलायची, मग भट्टीत चारशे अंशांच्या आसपास तापवून पुन्हा तोलायची. वजनातली घट म्हणजे जळालेला सेंद्रिय भाग. यात एकही रसायन लागत नाही. गोदाकाठच्या मळईच्या मातीत हे आकडे वॉकली-ब्लॅकशी बऱ्यापैकी जुळतात. भारी काळ्या मातीत मात्र जास्त येतात, कारण तिच्या चिकणमातीच्या थरांत धरून ठेवलेलं पाणीही भट्टीत निघून जातं आणि ते सेंद्रिय कर्ब म्हणून मोजलं जातं. या जिल्ह्यातली बरीच जमीन काळीच आहे, त्यामुळे तिच्यासाठी वेगळा दुरुस्तीचा गुणक लागेल. मुलांनी प्रत्येकाने आपापल्या शिवारातली माती आणली आहे, कुणाची पालमची, कुणाची सोनपेठची, कुणाची पाथरीची. प्रत्येक नमुना दोन्ही पद्धतींनी चालला आहे. गुणक सगळ्या काळ्या मातीला एकच बसतो की गावागणिक बदलतो, ते खरिपाच्या आधी कळेल.